मास्तरांची पहिली लिफ्ट

प्रिय आप्पा,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या. मी नोकरी सोडली!

तुम्ही एकाच कारखान्यात पस्तीस वर्षं काढलीत, म्हणून हे पत्र टाकायचा धीर होत नाही. मला लिफ्टची दुरुस्ती शिकवणारे आमचे मास्तर आठवतात ना? दरवर्षी त्यांना शेरा 'उत्कृष्ट'. गेल्या महिन्यात कंपनीने चाळीस जणांना काढलं, त्यात तेही गेले.

आज माझ्या कामाचा आढावा होता. साहेब म्हणाले, "उत्कृष्ट! तुमची नोकरी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

"मास्तरांनाही असंच म्हणाला होतात ना?"

साहेबांनी उठून दार लावलं. "खरं सांगू का? पुढच्या महिन्यात मी तरी इथे असेन का, मलाच ठाऊक नाही."

मी तिथेच राजीनामा लिहिला आणि तडक मास्तरांकडे गेले. त्यांनी स्वतःचं काम सुरू केलंय, पण अजून एकही गिऱ्हाईक नव्हतं. मी पोचते तोच फोन वाजला. एका इमारतीत चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या मध्ये एक आजी अडकल्या होत्या. आम्ही धावत सुटलो. वीस मिनिटांत दार उघडलं.

आजींनी घाम पुसत विचारलं, "कुठल्या कंपनीची माणसं तुम्ही?"

मास्तर गडबडले. "आमच्याच!" मी इतक्या मोठ्याने म्हणाले की जिना दणाणला.

हे पत्र काही टाकत नाही; रविवारी घरी येऊन तोंडानेच सांगेन. भीती वाटतेय, आप्पा. पण तिथे खुर्चीत बसून, कधी काढतील म्हणून वाटायची, तिच्यापेक्षा ही बरी. हिच्यात हात तरी चालतात.

तुमची,
धाकटी