सशांचं खाणं

प्रिय नुन्झियाता,

आधी खाली बस, मग वाच. काल इथल्या चर्चच्या सभागृहात तुझ्या बहिणीसाठी लोक उभे राहिले आणि टाळ्या थांबेचनात. मेलबर्नला येऊन माझे केस पांढरे झाले, पण या शहराने आजवर मला कधी उठून जागासुद्धा दिली नव्हती!

गिरणी बंद पडल्याचं कळवलंच होतं. आमच्या व्हितोचं काम गेलं, तसं अख्ख्या गल्लीचंच गेलं. सूनबाई डोक्याला हात लावून बसली. मी पिशवी आणि सुरी घेऊन रेल्वेच्या कडेला गेले. तिथे आपली ती कडू पालेभाजी, चिकोरी, नुसती माजली आहे, कुणी ढुंकून बघत नाही. शेजारची डोरीन कुंपणावरून ओरडली, "अहो आजी, हे तर आम्ही सशांना घालतो!" मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, "मग तुमचे ससे तुमच्यापेक्षा बरं जेवतात." ती हसली, पण चेहरा ओढलेला होता. तिच्या नवऱ्याचीही नोकरी गेलेली, घरात लहान पोरं. हाताला धरून तिला आत आणलं. बाकल्याच्या शेंगांचे सुके दाणे शिजवून घोटून ठेवले होते. त्यावर उकडलेली चिकोरी, वरून तेलाची धार, कडेला परतलेला शिळा पाव. पहिला घास तिने मला वाईट वाटू नये म्हणून खाल्ला. दुसरी ताटली स्वतःहून मागितली. जाताना दारात घुटमळली, मग हळूच म्हणाली, "हे मला शिकवाल का?"

पुढच्या गुरुवारी ती चार शेजारणींना घेऊन आली. माझं स्वयंपाकघर पुरेना, तेव्हा पाद्रीबाबांनी सभागृह उघडून दिलं. मी आपल्या भाषेत सांगते, नात मिरेल्ला इंग्रजीत ओरडते. परवा माझ्यावरच चिडली, "आजी, पुरेल इतकं मीठ म्हणजे किती? त्या मला विचारतात!" मी म्हटलं, "चाखा म्हणावं. जीभ घरी ठेवून आलात का?"

काल गिरणीतल्या सगळ्या कामगारांना जेवायला बोलावलं. पुरुष दारातच रेंगाळत होते. फुकटचं जेवायला कुणाला आवडतं? मी त्यांना लसूण सोलायला बसवलं. हाताला काम मिळालं तशा माना वर झाल्या. पातेली पुसून निघाली, ग! आणि महिनोन् महिने कुणाशी न बोललेला डोरीनचा नवरा सगळ्यांच्या आधी उठला आणि टाळ्या वाजवू लागला.

मग बायका मागे लागल्या, आता जळक्या गव्हाच्या पास्त्याचे ते छोटे कान वळायला शिकवा. मिरेल्लाने त्यांना सांगून ठेवलेलं. मी साफ नाही म्हटलं. जळलेल्या शेतातून दाणे आपण दोघी वेचायचो, पण पीठ आई तुझ्याच हाती द्यायची. तुझ्या अंगठ्याखाली जसा कान वळायचा, तसा माझ्या हातून एकदाही वळला नाही. ते माझ्या बहिणीचं आहे, म्हटलं, तिच्याकडूनच शिकायचं.

तुझ्या रोक्कोचं पत्र आलं. मिकेलेभावोजी गेल्यापासून आई चूल पेटवत नाही, उभ्या उभ्या दुधात पाव बुडवून खाते, असं लिहितो. म्हणून हे पत्र. सांत्वन करणं मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. मिरेल्ला पुढच्या महिन्यात तिकडे गावी तुझ्याकडे येते आहे, ते कान शिकायला. अख्खी गल्ली तिच्या परतण्याची वाट बघणार. मी शब्द देऊन बसले आहे. पोरीची भूक मोठी आहे, आणि तिला एकटीने जेवायची सवय नाही.

तुझीच,
आदोलोराता