सासूबाईंनी थांबवलेल्या गोळ्या

अंबरनाथ पश्चिम,
१२ नोव्हेंबर २००४

ती. बाबांस, प्रभूमध्ये सलाम.

पार्सल मिळालं. बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आईनं विणलेले मोजे, सगळं नीट आलं. टपालाचे बेचाळीस रुपये बघून जीव हळहळला. पुढच्या वेळी कुणी इकडे येणार असेल त्याच्याजवळ द्या. आईचा खोकला कसा आहे?

आम्ही ठीक आहोत. फक्त सासूबाईंनी शुगरच्या गोळ्या बंद केल्यात. जवळच्या कॅम्प चार वस्तीतून एक प्रचारक बंधू घरी प्रार्थनेला येतात. ते सांगतात, शेवटचे दिवस आलेत, आता औषध घेणं म्हणजे अविश्वास. सासूबाईंच्या पायाची जखम भरत नाहीये, पण तुम्ही काळजी करू नका.

मी बंधूंना विचारलं, "शास्त्रात कुठं आहे हे?" तर सासूबाईच भडकल्या, "मॅट्रिक झालीस म्हणून देवमाणसाची परीक्षा घेतेस? तुम्ही नुसती गोळी पुढं करता. तो माझ्याजवळ बसतो तरी!"

बाबा, ते खरंच बसतात. शेवटच्या काळी खोटे शिक्षक येतील हे तुमच्याकडूनच ऐकलं होतं, पण त्यांच्यातला एखादा इतका मायाळू असेल असं वाटलं नव्हतं. माया खरी असली तरी शिकवण खोटी असू शकते ना?

काल स्वयंपाक बाजूला ठेवून मीच सासूबाईंजवळ बसले. मग म्हणाल्या, "तुझे बाबा इतकी वर्षं चर्चचे पाळक होते. व्याही म्हणाले घ्या, तर घेईन."

तेव्हा चार ओळी त्यांच्याच नावानं उलट टपाली पाठवा. वाद घालू नका, आधी त्यांची विचारपूस करा.

तुमची लेक,
सुगंधा