शिशाच्या नळीतलं पहिलं पाणी

आबा,

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे ठाऊक असून लिहितेय. तुम्ही गेल्यापासून मनातसुद्धा कधी तुमच्याशी भांडले नव्हते, आज भांडायला बसलेय. सध्या मी मंगळवार पेठेत घरोघरी फिरते. रस्त्यापासून नळापर्यंत आलेली नळी कशाची आहे ते बघायचं, एवढंच काम. लोक आधी पाणीपट्टीवाली समजून दार लोटतात, मग चहा पाजतात. नळी चाकूने जरा खरवडायची आणि लोहचुंबक लावायचा. तो चिकटला नाही आणि खरवडलेली जागा चांदीसारखी चकाकली, तर ते शिसं. ते पाण्यात उतरतं, चवीला कळत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं.

काल आपल्याच घराची पाळी आली. मोरीतली फरशी उचलली आणि तुमचा हात लगेच ओळखू आला. नळजोडणीत तुमच्यासारखा सांधा पेठेत कुणाचा नव्हता. ही नळी वाकवताना तुम्ही म्हणाला होता, "लोखंड गंजतंय, शिसं न्हाय. नातवंडं पाणी पितील की ह्यातनं." मी खरवडलं, चकाकलं. वहिनी मागे कौतुकाने उभी. "आबांची नळी हाय ती. टिपूससुदीक गळला न्हाय कधी."

पहाटे नळ आला की पहिला तांब्या तुम्ही माझ्या पाठच्या धाकट्याला पाजायचा. पहिली धार ताजी, ती पोराच्या पोटात जाऊ दे, असं तुमचं म्हणणं. ते पाणी रात्रभर त्या नळीत साचलेलं असायचं, आबा. तेच आधी सोडून द्यायचं असतं, असं मी आता दारोदार सांगते. धाकटा उशिरा बोलला, पाढे त्याला कधी आलेच नाहीत. "मठ्ठ हाय नुसता!" म्हणून तुम्ही खेकसायचा, आणि दुसऱ्या पहाटे मायेने तोच तांब्या त्याच्या ओठाला लावायचा. नळीमुळेच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, मीही नाही. पण मला राग येतो. तुम्हाला तरी कुणी सांगितलं होतं म्हणा, त्यामुळे तो धड तुमच्यावर काढताही येत नाही.

मी वहिनीला विचारलं, पहिला तांब्या आता कोण पितं?

"कोण म्हंजे? सूनबाई. दिवस गेल्यात न्हवं तिला. आबांची रीत हाय की."

आजपासून ह्या नळाचा थेंब प्यायचा नाही, नळी बदलेपर्यंत पाणी शेजारच्या तपासलेल्या नळावरून आणायचं, असं मी बजावलं. का, तेही सांगितलं. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने बाहेर कट्ट्यावर एकटाच हसत बसलेल्या धाकट्याकडे बघितलं. केस पिकलेत आता त्याचे.

"आत्या, माझ्या बाळाला काय झालं असंल का वो?"

"न्हाय गं, काय न्हाय झालेलं," मी ठणकावून म्हणाले. तिचा विश्वास बसला. ती चहा ठेवायला आत गेली.

आबा, मला माहीत नाही.