पाचवी वायर

प्रिय पूलवाली,

काल सभेत मी तमाशा केला. दुसऱ्या कुणाकडून मीठमसाला लावून ऐकण्याआधी माझ्याकडूनच ऐक. उस्तादांच्या आठवणीसाठी ऑफिसने वर्कशॉपमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, आणि साहेबांचं भाषण रंगात आलेलं असताना मी मधेच उठून ओरडलो. फोरमनने मागून शर्ट धरून खाली ओढलं, खांद्याची शिवण उसवली, तरी बसलो नाही. काय ओरडलो ते सांगतो, पण त्यासाठी आधी मागे जावं लागेल. तुला ठाऊकच आहे, मला सरळ रेषेत काही सांगता येत नाही. परीक्षेतसुद्धा मी पाचवा प्रश्न आधी सोडवायचो.

उस्ताद गेल्यावर तू चार दिवस राहून परत निघालीस त्या सकाळी जिन्यात बुटाची नाडी बांधता बांधता म्हणालीस, "मी शिकायला गेले तेव्हा बाबा बसस्टँडवर आले नाहीत. विचारलं तर म्हणाले, काम निघालं. तीन वर्षं दर रविवारी फोन केला, पण त्यापलीकडे एक शब्द नाही. त्यांना माझं जाणं आवडलंच नव्हतं रे." मी तुझी बॅग धरून उभा होतो. ते का आले नाहीत हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातलं एक आता नाही. दुसऱ्याने काय केलं? म्हणाला, "चल, गाडी थांबलीये." असा मी शूर. भांडायला सगळ्यांच्या पुढे, आणि खरं बोलायची वेळ आली की गाडी थांबलीये. तेव्हापासून तुझं ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मला त्यांच्याकडे नेलं तूच. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मी सरांशी भांडून त्यांच्याच टेबलावर माझं जर्नल फाडलं आणि कॉलेज सोडलं, त्याच्या चौथ्या दिवशी तू मला दंडाला धरून घरी घेऊन गेलीस. "बाबा, हा डोक्याने गरम आहे, पण हाताने बरा आहे." उस्तादांनी माझे हात भाजी निवडावी तसे उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाले, "नखं काप. उद्या सातला ये." तिसऱ्याच दिवशी मी एका इमारतीच्या सेक्रेटरीच्या अंगावर धावून गेलो, कारण तो उस्तादांना 'ए लिफ्टवाल्या' म्हणाला. उस्तादांनी मला लिफ्टमध्ये घेतलं, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्ट थांबवली, हत्यारांच्या पेटीवर बसले आणि थर्मास उघडला. "शिट्टी झाली की सांग. मग वर जाऊ." पंचवीस मिनिटं आम्ही भिंतीकडे बघत चहा प्यायलो. शेवटी मलाच हसू आलं. तेव्हापासून मी 'कुकर'. तुला मी सांगितलं होतं की मला भूक फार लागते म्हणून हे नाव पडलं. ते खोटं.

त्यांच्या हाताखाली काम करताना मला पहिल्यांदा कळलं की माणूस न ओरडताही वरचढ असू शकतो. लिफ्ट दुरुस्त झाली की पहिली फेरी ज्याने दुरुस्त केली त्याची, हा त्यांचा नियम. "जिच्यात मी बसणार नाही, तिच्यात दुसऱ्याची आई कशाला बसवू?" लिफ्ट मजल्याशी थांबली की वाकून बोट फिरवायचे. लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी यांत नखाएवढा जरी फरक लागला तरी पुन्हा वर मशीनच्या खोलीत, पुन्हा ब्रेक उघडायचा. मी कुरकुर करायचो, की एवढ्याने कोण पडतंय. "काठी अडकते," एवढंच म्हणायचे. आणि दुपारी एकच्या ठोक्याला डबा उघडायच्या आधी काकूंना फोन करून विचारायचे, आज काय दिलंय? पलीकडून काकूंचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचा, "झाकण उघडा की! हात आहेत ना?" रोज तेच. आणि रोज ते फोन ठेवताना असे हसायचे, जसं काही लग्न परवाच झालंय.

तुझ्याबद्दल तर विचारूच नकोस. तुला पूल बांधण्याच्या शिक्षणासाठी तिकडे प्रवेश मिळाला ते पत्र आलं, त्या दिवशी आम्ही सात इमारतींत गेलो आणि सातही वॉचमनना ते ऐकावं लागलं. "मी जन्मभर माणसं वर-खाली नेली. ही अल्याडची पल्याड नेणार!" सातव्या वॉचमनने विचारलं, "म्हणजे मुलगी नाव चालवणार का?" उस्ताद गडगडून हसले, आणि 'पूलवाली' हे नाव तिथेच पडलं. तुझ्यासमोर मात्र त्या आठवड्यात मुके झाले. त्यांना वाटायचं, तोंड उघडलं तर रडू फुटेल आणि तू जायची थांबशील. हे त्यांनी मला सांगितलेलं आहे, मी माझ्या मनाने जोडत नाहीये.

आता त्या लाल रिबिनी. तुला आठवतंय ना, आठवीत असताना त्यांनी तुझी शाळेची रिबन कापून पाच तुकडे केले म्हणून तू दिवसभर जेवली नव्हतीस? मग संध्याकाळी तूच त्यांच्या पाच वायरींना ते तुकडे गाठी मारून बांधून दिलेस. त्या वायरी कशाच्या, हे तुला तेव्हा कुणी सांगितलं नसेल. जुन्या लिफ्टचं दार उघडं राहिलं तर लिफ्ट हलत नाही, ते बघणारा एक स्विच दारात असतो. काम करताना आम्हाला दार उघडं ठेवून लिफ्ट हलवावी लागते, म्हणून तेवढ्यापुरती एक वायर लावून त्या स्विचला फसवतो. काम संपलं की ती वायर निघालीच पाहिजे. राहिली तर दार उघडं असतानाही लिफ्ट निघून जाते, आणि दारापलीकडे नुसता खड्डा. म्हणून तुझ्या रिबिनी. काळोखात, ग्रीसमध्येसुद्धा लाल दिसावं म्हणून.

तू निघालीस त्या दिवशी सकाळी आम्ही नदीपलीकडच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या इमारतीत होतो. तू आणि काकू परस्पर बसस्टँडवर जाणार, उस्ताद कामावरून येणार, असं ठरलेलं. चार वाजता त्यांनी ऑफिसच्या बेसिनवर साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. कागदाच्या पिशवीतून निळ्या चौकडीचा नवा शर्ट काढला, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून श्वास रोखून घातला, मला विचारलं, "बाप दिसतो की नवरदेव?" आणि जुन्या शर्टाचा खिसा रिकामा केला. वायरी चार.

"कुकर, पाचवी?"

सकाळी पाचवी मीच लावली होती, आणि तिच्यावर रिबन नव्हती. का नव्हती ते शेवटी सांगतो. आत्ता सांगितलं तर पुढचं माझ्याने लिहिवणार नाही. उस्तादांनी वॉचमनला फोन लावला, नुसता वाजत राहिला. मी म्हणालो, मी जातो, तुम्ही बसस्टँडवर जा. त्यांनी माझे हात बघितले, पहिल्या दिवशी बघितले होते तसेच. थरथरत होते. "या हातांनी आत्ता काही उघडायचं नाही. मागे बस." आणि स्कूटर बसस्टँडच्या बरोबर उलट्या दिशेला वळवली.

चौथ्या मजल्यावर दार वीतभर उघडं होतं आणि लिफ्ट खाली दुसऱ्यावर. दारासमोर एका डोळ्याला पट्टी बांधलेल्या आजी, काठीने उंबरठा चाचपत. जिना चढून उस्तादांना धाप लागली होती, तरी आवाज कसा ठेवला म्हणून सांगू! "आजी, आज लिफ्ट रुसलीये. माझ्या हाताला धरा, आपण मजेत जिन्याने जाऊ." त्यांना खाली पोचवून ते पुन्हा चार मजले चढले, लिफ्ट बंद केली, नवा शर्ट घालूनच काळोखात हात घालून वायर काढली, पहिली फेरी स्वतः केली. वाकून बोट फिरवायलाही विसरले नाहीत. तोवर तुझी पाचची गाडी सुटून गेली होती. त्यांनी शर्टाकडे बघितलं, सगळं ग्रीस. खालून एक चिंधी टरकन फाडली आणि पाचव्या वायरीला बांधली. रिबन कुठे गेली, हे तेव्हाही विचारलं नाही आणि नंतर कधीही नाही.

परत आल्यावर त्यांनी स्वतः रिपोर्ट लिहिला: माझ्या हातून वायर राहिली. मी कागद ओढायला गेलो तर म्हणाले, "तू एकदा मधेच सोडून आलायस. दुसऱ्यांदा मी सोडू देणार नाही. पोरगी माझ्यावर रागावेल, रागावू दे, बापावरचा राग टिकत नाही. तुझ्यावर रागावली तर तू पळून जाशील." मला शपथ घातली. मी ती पाळली, आणि मला ती सोयीचीही होती. हे कबूल केलं पाहिजे.

काल साहेब म्हणाले, एकतीस वर्षांच्या नोकरीत या माणसावर फक्त एक ठपका! कौतुकाने म्हणाले बिचारे. पण माझं डोकं फिरलं. उठून ओरडलो, "एकही नाही! तो ठपका माझा आहे!" मग सगळं सांगितलं, वायर, आजी, शर्ट, रिपोर्ट. काकू उठून माझ्यापर्यंत आल्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. त्यांनी माझी उसवलेली शिवण बघितली आणि म्हणाल्या, "काढून दे, टाके घालते. म्हणून तो शर्ट मला कधी धुवायला मिळाला नाही होय!" आणि मान अशी ताठ करून साहेबांकडे वळल्या, की साहेबच उभे राहिले, मग सगळेच. सोमवारी मला ऑफिसात बोलावलंय. काढतील कदाचित. काढू देत, या वेळी मी स्वतःहून सोडणार नाही.

हे पत्र एका तुकड्यासाठी लिहिलंय. तो सोबत आहे. तू निघणार त्याच्या आदल्या दिवशी मी पाचव्या वायरीवरून रिबन हळूच सरकवून काढली आणि पाकिटात ठेवली. तू जाणार होतीस, आणि माझ्याजवळ तुझं काहीच नव्हतं. एवढ्या एका वेडेपणापायी तुझे बाबा तुला निरोप द्यायला येऊ शकले नाहीत. गाठ मी सोडलेली नाही, तू आठवीत मारलीस तशीच आहे. काल सभेनंतर मी, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, त्या दवाखान्याच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेलो. तिथल्या भिंतीवर उस्ताद प्रत्येक दुरुस्तीची नोंद पेन्सिलने करायचे. त्या तारखेखाली दोन ओळी आहेत. सकाळची: 'सर्व्हिस झाली. आज पूलवाली निघते. नवा शर्ट घेतला.' आणि संध्याकाळची: 'वायर काढली. पाचची गाडी गेली. इथून पूल दिसतो, त्यावरून जाताना बघितली. हात केला. लिफ्ट ठीक.' मी खिडकीत उभा राहून बघितलं. खरंच दिसतो. ते आले होते गं. रिबन तुझी, तुझ्याकडेच ठेव. मला माफ करायचं की नाही, तू ठरव. पाचव्या वायरीला मात्र मी दुसरं काही बांधणार नाही. तिला ती निळी चिंधीच राहू दे. तुला निरोप द्यायला घातलेला शर्ट आहे तो.

तुझाच (भर सभेत ओरडता आलं, पण हा शब्द पहिल्यांदाच लिहितोय),
कुकर