नाक खुपसणारी गाडी

४ मार्च

चि. खटपट्यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शर्यतीच्या गाड्यांच्या त्या वर्कशॉपमध्ये तुला कायम केलं, हे वाचून इतका आनंद झाला की दवाखान्यात आलेल्या बोकडालाही मी ती बातमी सांगितली. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. अगदी तुझ्या बाबांवर गेलाय.

आता कामाचं. माझी गाडी हल्ली ब्रेक मारला की पुढे नाक खुपसते, जणू रस्ता हुंगायला निघाली आहे. खड्ड्यातून गेली की पुढचा भाग कितीतरी वेळ डोलत राहतो. आणि खाणीकडून खाली येताना उतार संपत आला की पायडल दाबूनही ती आपल्याच नादात चालत राहते. परवा खालच्या वळणावर मेंढ्यांचा कळप आडवा आला. गिअर खाली टाकून, हँडब्रेक ओढून कशीबशी थांबले. कळपवाल्या बाईंनी विचारलं, की डॉक्टरीणबाई, तुम्ही मेंढ्या बऱ्या करायला येता की उडवायला? मी हसले खरी, पण घरापर्यंत पहिल्या गिअरवरच आले.

दादाचं, म्हणजे तुझ्या बाबांचं म्हणणं, गाडी मोडीत काढ. त्याला जुनं काही बघवत नाही, एक स्वतःची मतं सोडून. पण त्या रस्त्यांवर या गाडीइतकी भरवशाची दुसरी मला मिळायची नाही. पुढच्या स्प्रिंगा, शॉकअप आणि ब्रेक बदलायचे तर काय घालावं, ते तू सांग. तू म्हणशील ते.

तब्येतीला जप, आणि आत्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या


१० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या गाडीला पुढे अजून ड्रम ब्रेक आहेत, हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही. मला इथे थोडीफार इज्जत आहे.

गंमत सोड. ड्रम म्हणजे बंद डबा. लांब उतारावर ब्रेक तापतो, उष्णता आतच कोंडते आणि पकड सुटते. डिस्क म्हणजे उघडी चकती, तिला वारा लागतो. तेव्हा डिस्क घालायच्याच, त्याही मोठ्या. त्या मावाव्यात म्हणून चाकं मोठी आणि टायर पातळ. स्प्रिंगा आखूड आणि कडक, म्हणजे नाक खुपसणं बंद. आमच्याकडच्या गाड्या अशाच असतात आणि वळणावर रस्त्याला चिकटून जातात. सामान मी इथूनच निवडतोय. येत्या सुट्टीत येऊन स्वतः बसवून देतो.

बाबा म्हणाले, आत्याच्या गाडीत लुडबुड करू नकोस. मी त्यांना सांगितलं, की ही लुडबुड नाही, माझी विद्या आहे. त्यावर ते पेपर वाचायला लागले.

आशीर्वाद असू दे, आणि माझ्या वाटचं लोणी बाकीच्या भाच्यांना वाटून टाकू नकोस.

तुझा,
खटपट्या


२ एप्रिल

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे डाव्या हाताने लिहिते आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. बाकी मी धडधाकट आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं.

तू बसवून गेलास त्यानंतर डांबरी रस्त्यावर गाडी अशी पळाली की मी उगाचच गावाला वळसा घालून घरी यायची. पण सोमवारी खाणीपलीकडे एक गाय अडल्याचा निरोप आला. वासरू आडवं होतं. खाणीचा चढ चढून पलीकडच्या उताराला लागले. तिथे सगळी सुटी खडी. गाडी दगडादगडावर उड्या मारत होती, चाक जमिनीवर कमी आणि हवेत जास्त. समोरून ट्रक आला. मी ब्रेकवर पाय ठेवला मात्र, चाकं एकदम जाम झाली. स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच घसरली आणि चरात गेली.

खाणीतल्या माणसांनी मला बाहेर काढलं आणि ट्रॅक्टरवरून गोठ्यापर्यंत पोचवलं. मी सांगत होते आणि घरधनी हात घालत होता. गाय वाचली. वासराला उशीर झाला होता.

तुझ्यावर राग नाही. पण मनात येतं ते लिहिते. मी उतार म्हटलं आणि तुझ्या डोळ्यांपुढे डांबर आलं. तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. दादा येऊन गेला. तुला काय काय बोलला असेल याची कल्पना आहे. त्यातलं निम्मं सोडून दे, उरलेलं ऐक.

लोभ आहेच. तो या अक्षरावरून मोजू नकोस.

तुझी,
आत्या


५ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांच्या बोलण्यातलं सोडून देण्यासारखं काही सापडलं नाही. वासराचं वाचलं आणि पुढ्यातला डबा तसाच झाकून ठेवला.

मी रजा टाकली आहे. मोठी चाकं आणि त्या स्प्रिंगा काढायला तुमच्या गावच्या मेकॅनिकला सांग. जुनं सामान तात्पुरतं पुन्हा चढवू दे. तुझं प्लास्टर निघेपर्यंत गाडी मी चालवीन, सावकाश. तू जाशील त्या प्रत्येक गोठ्यापर्यंत येईन. तुझे सगळे रस्ते पाहिल्याशिवाय एक नटसुद्धा विकत घेणार नाही.

नको म्हणू नकोस.

तुझा,
खटपट्या


२८ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. अंगाला अजून गोठ्याचा वास येतो असं सगळे म्हणतात. मला येत नाही, म्हणजे येत असणार.

तुमच्या मेकॅनिकला समजावं म्हणून काय घातलंय ते लिहून ठेवतो. स्प्रिंगा मूळ उंचीच्याच, फक्त जरा जाड. शॉकअप खराब रस्त्याचे, चाकाला खाली-वर जायला भरपूर जागा देणारे. डिस्क लहान, तुझ्या जुन्या चाकांत मावतील अशा, म्हणजे जाड टायर तसेच राहिले. ब्रेकचे पॅड हळूहळू पकडणारे. पायडल दाबशील तेवढाच ब्रेक लागेल, एकदम झडप घालणार नाही.

इथल्या उस्तादांनी विचारलं, शॉकअप कसे पारखलेस? मी सांगितलं, खड्डा आला की आत्या ‘अंहं’ करायची. ती गप्प बसेपर्यंत बदलत राहिलो. त्यांना ती थट्टा वाटली. पण त्या काळ्या घोडीला टाके घालायला गेलो, त्या दिवशी तू जाताना-येताना झोपलीस, तेव्हा मला जो आनंद झाला तो इथे कुठल्याही शर्यतीला झालेला नाही.

बाबांनी काल पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, गाडी कशी आहे?

माझ्यावरचा भरवसा गेला असेल तर थोडाथोडा परत दे.

तुझा,
खटपट्या


१९ जून

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

प्लास्टर निघून महिना झाला. मनगट अजून जरा कुरकुरतं, पण इंजेक्शन देता येतं. दादा येऊन गाडीतून फिरून आला. उतरताना पुढच्या चाकाला बुटाने हलकेच ठोकलं, म्हणजे पसंत आहे.

तुला न सांगितलेली एक गोष्ट आहे. तू चालवत होतास तेव्हा खाणीच्या उतारावर मी डोळे मिटून घ्यायची. तुला वाटलं झोप लागली. काळ्या घोडीच्या दिवशी मात्र खरंच लागली होती, ते श्रेय तुझंच. तू गेल्यावर पलीकडच्या गोठ्यांना मी निरोप धाडत राहिले, की जनावर इकडे आणा. हात दुखतो म्हणाले. दुखत नव्हता.

काल, ज्याचं वासरू गेलं त्याच घरधन्याच्या गाईला ताप भरला. ताप आलेल्या गाईला चालवत आणा, हे काही माझ्या तोंडून निघेना. गेले. उताराच्या तोंडाशी गाडी बंद करून बसून राहिले. मागून खडीचा ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरने हॉर्नसुद्धा वाजवला नाही, आणि त्याचीच मला लाज वाटली. गाडी सुरू केली. मध्यावर मुद्दाम ब्रेक दाबला. नाक जरासं वाकलं, चाकं खडीला धरून राहिली, गाडी सरळ थांबली. आणखी खाली गेले, पुन्हा दाबला. पुन्हा थांबली.

गाईला औषध दिलं, ताप उतरेल. परत येताना खाणीच्या माथ्यावर पोचले आणि घरी जायचं सोडून गाडी वळवली. तो उतार पुन्हा उतरले. पलीकडे काही काम उरलं नव्हतं.

सवड काढून ये. माया आहे ती वाढती राहू दे.

तुझी,
आत्या