क्रमांक चौदा निघते आहे

सोमवार, ३

“स्वतःचं सांगितलंस की कुणी ऐकत नाही ना? मग दुसऱ्याचं सांगत जा, बघ कसे कान देतात.” मी नऊ वर्षांची असताना आत्या मला असं म्हणाली होती. त्या दिवशी मी गोष्ट सांगत होते आणि ताईने गाणं सुरू केलं म्हणून सगळे माझी गोष्ट अर्ध्यात टाकून उठले होते. मी मोरीत जाऊन बसले. आत्या पाय धुवायला आली आणि पाय धुता धुता हे बोलून गेली.

आज ते आठवलं, कारण आजपासून मला तेच काम मिळालं आहे. दुभाषाचं. दवाखान्यात डॉक्टर इथली भाषा बोलतात, पेशंटला आपलीच तेवढी येते. मग दवाखाना आमच्या कंपनीला फोन लावतो, आणि मधे आम्ही.

ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. एका खोलीत सहा खोपटं, भिंतींना जाड कापड, आत एक स्टूल, फोन आणि कागदाचं पॅड. कॉल संपला की पॅडवरचा कागद यंत्रात घालून त्याच्या शेवया करायच्या; पेशंटचं काही मागे राहता कामा नये. सगळ्यांना नंबर आहेत. मी चौदा.

कंपनी मालकीणबाईंची. त्यांचे वडील इथे दवाखान्यात पडले तेव्हा त्यांना कुठे दुखतंय हे कुणालाच कळेना. वॉर्डात फरशी पुसणाऱ्या बाईला दोन्ही भाषा येत होत्या. तिने फडकं बाजूला ठेवलं आणि डॉक्टरला सांगितलं. वडील वाचले. त्या बाईला हाताशी धरून मालकीणबाईंनी कंपनी काढली. ती क्रमांक एक. तिला सगळे मावशी म्हणतात.

नियम दोनच. पेशंट “माझं पोट दुखतं” म्हणाला की आपणही “माझं पोट दुखतं” असंच म्हणायचं, “यांचं दुखतंय” नाही. मालकीणबाईंचे भाऊ कॉल वाटतात. ते म्हणाले, पहिल्या महिन्यात तुम्हाला तीन बाळंतपणं, दोन हर्निया आणि एक टक्कल होईल, घाबरू नका. दुसरा नियम निघण्याचा. कॉल संपताना “क्रमांक चौदा निघते आहे” असं पेशंटला सांगायचं, त्याचं “बरं” ऐकायचं, मगच फोन ठेवायचा, आणि बाहेर येऊन चूळ भरायची. चूळ ही मावशींची भर. दुसऱ्याचं दुखणं तोंडात घेऊन घरी जायचं नाही म्हणतात.

मला सगळंच आवडलं. लेकीला सांगायला घाईघाईने घरी आले. ती मोबाइलमध्ये होती. “हं” म्हणाली.

गुरुवार, ६

चार दिवसांत एकतीस कॉल. मला हे जमतं. माझा आवाज कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि इथे तेच हवं असतं. एका आजोबांचं मूतखड्याचं गाऱ्हाणं मी इतकं मनापासून सांगितलं की कॉल संपल्यावर माझाच हात कमरेवर होता. चूळ भरली, गेलं.

लेक बारा वर्षांची झाल्यापासून माझ्याशी मोजकं बोलते. बापाशी खिदळते. मी खोलीत गेले की दोघं गप्प होतात. वाईट काही नसतं त्यात. मला ठाऊक आहे. तरी दारात दोन क्षण उभी राहून मगच आत जाते, हसणं ऐकण्यासाठी.

मंगळवार, ११

पेशंटना मावशी हव्या असतात. मी “क्रमांक चौदा” म्हटलं की पलीकडून विचारतात, मावशी नाहीत का. आज तिघांनी विचारलं. भाऊ म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, माझी बायकोसुद्धा ऑफिसात फोन केला की आधी मावशींनाच मागते.

मी मनाला लावून घेतलं. मावशींच्या खोपटाशी उभी राहून ऐकलं. मोठं काही करत नाहीत. आवाज जरा खाली आणतात, वाक्याच्या शेवटी थांबतात, जणू समोरच्याच्या पांघरुणाचं टोक सारखं करताहेत. घरी येऊन भांडी घासताना तसं बोलून पाहिलं. जमलं.

शुक्रवार, १४

शाळा लवकर सुटली म्हणून लेक ऑफिसात आली. मी कॉलवर होते. बाहेर आले तर ती मावशींच्या स्टुलाशी जमिनीवर बसली होती आणि मावशी तिची वेणी घालत होत्या. माझ्या हाताची वेणी तिने दोन वर्षांपूर्वी बंद केली. शाळेतल्या कुठल्याशा मुलीची, कधी मला न सांगितलेली गोष्ट ती मावशींना सांगत होती. मला बघून थांबली.

घरी येताना म्हणाली, मावशी किती छान ऐकतात ना, आई.

मी हो म्हणाले.

सोमवार, १७

आज एक गोष्ट केली. लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

सात नंबर वॉर्डात एक बाई आहेत, चाळिशीच्या. महिनाभर त्या फक्त मावशींशीच बोलतात. आज अकराला त्यांचा फोन आला तेव्हा मावशी गुडघा दाखवायला गेल्या होत्या. तासाभराने करा असं सांगायचं होतं, पण भाऊ दुसऱ्या फोनवर. मी उचलला. बाईंनी विचारलं, मावशी ना? मी आवाज खाली आणला आणि हो म्हणाले. डॉक्टरला म्हणाले, दुभाषी क्रमांक एक.

इतकं सुंदर काम मी आजवर केलं नव्हतं. डॉक्टर सांगत होते की आता ऑपरेशनचा उपयोग नाही. मी ते सांगितलं, हळूहळू, पांघरूण सारखं करत. बाई म्हणाल्या, “मला घरी जायचंय. माझी लेक बारा वर्षांची आहे. मी वाढल्याशिवाय ती पोटभर जेवत नाही.” मी तेच म्हणाले. मला घरी जायचंय. माझी लेक बारा वर्षांची आहे. माझा गळा दाटून आला होता, तो माझा की त्यांचा, कळलं नाही.

मग निघायची वेळ आली. क्रमांक एक म्हणवेना, तो माझा नव्हता. चौदा म्हटलं तर चोरी उघडी पडली असती. बाई पलीकडे वाट बघत होत्या, श्वास ऐकू येत होता. मी गुपचूप फोन ठेवला.

बाहेर आले तर मावशी परतल्या होत्या, बेसिनपाशी उभ्या. मी चूळ न भरताच आत वळले.

मंगळवार, १८

सात नंबरच्या बाई काल दुपारी गेल्या. माझ्या कॉलनंतर दीड तासाने.

डॉक्टरांनी मालकीणबाईंना मुद्दाम फोन करून सांगितलं की क्रमांक एकसारखी दुभाषी त्यांनी पाहिली नाही, त्या बाईंना शेवटी कुणीतरी भेटलं. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर ते सांगितलं. टाळ्या मावशींना. माझं काम, माझा दाटलेला गळा, आणि टाळ्या त्यांना. मला त्या क्षणी मेलेल्या बाईबद्दल काही वाटलं नाही. फक्त टाळ्या ऐकू येत होत्या.

मावशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, काल अकराला मी इथे नव्हते. कुणी घेतला ते मला नको. घेणारी बाईंचा नीट निरोप घेऊन निघाली होती का, तेवढं कुणीतरी सांगा.

सगळे आपापल्या खोपटात परतले. मीही.

गुरुवार, २०

आज घरी मजा झाली. मी लेकीच्या ताटात भाजी वाढत होते आणि तोंडातून आलं, “आणखी एवढीशी, माझ्यासाठी.” असं मी कधी म्हणत नाही. मी “संपव” म्हणते. लेकीने वर पाहिलं आणि ताट पुढे केलं. दोनदा वाढून घेतलं. मग बोलत बसली, अर्धा तास. नवरा म्हणाला, ऑफिसने तुला भलतंच गोड केलंय, आम्हालाही नोकरी लावा.

पहिल्यांदाच वाटलं, मावशींकडून काहीतरी जिंकून आणलं.

शनिवार, २२

लेक हसत मला म्हणाली, ती शेळीची गोष्ट पुन्हा सांग ना, विहिरीत उतरलेली. मी विचारलं, कुठली. ती म्हणाली, आई, काल तासभर सांगितलीस, तू लहान असतानाची.

माझ्या लहानपणी शेळी नव्हती. विहीर नव्हती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो.

नवऱ्याला विचारलं. तोही म्हणाला, हो, आम्ही दोघं पोट धरून हसलो. काल संध्याकाळचं मला भांडी आवरल्यापर्यंतचं आठवतं. पुढचं नाही.

चार वेळा चूळ भरली.

सोमवार, २४

लेकीने सकाळी वेणी घालून घेतली. माझ्या हातांनी. बोटं आपली आपण चालत होती, पाच पेडांची वेणी, जी मला येत नाही. मी बघत होते. आवाज ऐकू येत होता, माझा, पण पलीकडून आल्यासारखा, खोपटात येतो तसा. लेक मागे वळली आणि तिने गळ्यात हात टाकले.

दोन वर्षांनी टाकले. माझ्या गळ्यात टाकले आणि मला लागले नाहीत. सात नंबरच्या बाईला लागले.

मी मावशींचा हेवा करत होते. केवढी मूर्ख. मावशी तर संध्याकाळी आपल्या घरी जातात.

मंगळवार, २५

आता कळलं कसं झालंय ते. मी बोलते आणि ती सांगत नाही.

लेकीला म्हणाले, सोन्या, ही मी नाही. तोंडाने सांगितलं, “सोन्या, डबा विसरू नकोस.” नवऱ्याला म्हणाले, मला डॉक्टरकडे ने. तोंड म्हणालं, “अहो, आज लवकर या.” मी त्याला कधी अहो म्हटलं नाही. त्याला आवडलं. लाजला चक्क.

आता मी पेशंट आहे आणि दुभाषी ती. आणि ती नियम पाळत नाही.

हात अजून माझा आहे, दुपारचा तेवढा. म्हणून लिहिते.

तिची स्वतःची लेक आहे कुठेतरी. मी विचारलं, तिकडे का नाही जात. दोष माझाच. मी “मला घरी जायचंय” एवढंच सांगितलं होतं, आणि माझ्या तोंडाला एकच घर माहीत होतं.

बुधवार, २६

मावशींकडे गेले. कबूल करायला. पायांनी साथ दिली एवढं खरं. तोंड म्हणालं, सगळं छान आहे मावशी. मग पॅडवर लिहिलं — तो कॉल मी घेतला, मी निघाले नाही, मला काढा — आणि माझ्याच हाताने तो कागद यंत्रात घातला. शेवया झाल्या.

पण मावशींनी वाचलं होतं. कागद आत जाता जाता वाचलं. मी पाहिलं त्यांना वाचताना.

माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, सुटले. आता विचारतील नंबर, म्हणवून घेतील, चूळ भरायला लावतील.

त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. डोळे भरले होते. आवाज खाली आणला, तोच आवाज. म्हणाल्या, “पोहोचलात ना बाई घरी. लेक जेवते ना नीट?”

आणि माझं तोंड हसलं. जेवते म्हणालं.

मला नाही ओळखलं असं नाही. ओळखलं. दोघींना ओळखलं, आणि —

महिनाभर त्या तिच्याशी बोलत होत्या. माझ्याशी कोण

गुरुवार, २७

अक्षर बघ. उजवीकडे कललंय. माझं सरळ असतं.

सकाळी तिघं हसत होती. मी दारात उभी होते. पण दारात कोणी नव्हतं, मी तर टेबलाशी होते, वाढत —

लेकीला शाळेत पहिला नंबर मिळाला. मला सांगितलं. तिला सांगितलं. ती रडली आनंदाने, माझ्या डोळ्यांनी. मला रडता आलं नाही.

लेकीला फरक कळत नाही. कळला असेल. तिला हीच बरी वाटत असेल तर. हे लिहायचं नव्हतं.

सव्वाचार. साडेचारला लेक येते.

बाई, तुम्ही वाचताय हे, माझ्याच डोळ्यांनी. भांडत नाही मी. घर राहू दे तुम्हाला. नवरा, ताटं, वेणी. तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं करता, मला दिसतं, आणि त्यानेच जीव जळतो. एकच मागते. आज बेल वाजली की दार मी उघडते. नावाने हाक मी मारते, माझ्या वाकड्या, कोरड्या आवाजात. एकदाच. मग तुम्ही. तुम्ही नाहीच म्हणणार, मीही नाहीच म्हटलं असतं, माझी लेक असती तर, माझीच आहे ती, तरी बाई, एवढं एक, बेल वाजतेय, मला उठू द्या, मला —