चोवीस नंबरचं पाकीट

लातूर, दि. १० जून २०२४

ती. सटवाजी मामांस,
भाची ऋतुजाचा सा. न. वि. वि.

मामा, आली! मंजुरी आली! माझ्या एम. एस.च्या प्रबंधाला आमच्या नीतिसमितीनं काल होकार दिला आणि मी वसतिगृहाच्या जिन्यात एकटीच नाचले. मेसच्या मावशींनी लग्न ठरलं का म्हणून विचारलं. मी सांगितलं की त्याहून मोठं काम झालंय.

आता काम काय ते ऐका, म्हणजे वाचा. भाजून किंवा अपघातात कातडी गेलेल्या पेशंटला आम्ही त्याच्याच मांडीची पातळ कातडी काढून लावतो. लावलेली कातडी धरते, पण जिथून काढली ती मांडी भयंकर आग करते. तिच्यावर वर्षानुवर्षं व्हॅसलीनची जाळी बसवतात. ती सुकून चिकटते आणि सोडवताना भला गडी डोळे पांढरे करतो. केळीचं पान मात्र चिकटत नाही! हा शोध माझा नव्हे, मुंबईकडच्या डॉक्टरांनी पूर्वी ही पानं वापरलेली आहेत. मला आपल्याकडच्या चाळीस पेशंटवर मोजायचं आहे की पान सोडवताना दुखणं खरंच किती कमी होतं आणि जखम किती दिवसांत भरते.

म्हणून तुमच्या बागेवर डोळा आहे. फवारणी न केलेली, न फाटलेली पानं दर आठवड्याला एसटीनं पाठवाल का? इथं ती धुऊन, कापडावर चिकटवून, वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करू. गठ्ठ्यातच पत्र घालत जा. तुमच्या कानांमुळं फोनवर आपलं भांडणच होतं.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो पानांसकट येऊ द्या.
आपली,
ऋतुजा

अर्धापूर, दि. १३ जून २०२४

चि. ऋतुजास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी मामी मोठ्यानं वाचून दाखवाया बसली, तर मी हिसकावूनच घेतलं. माझे कान गेले हायेत, डोळे न्हाई.

पानं पाठवून राहिलो. बांधाकडच्या दोन ओळींवर औषध मारायचं आजपासून बंद. कोवळं पान फाटतं, जून पान तडकतं, म्हणून वरून तिसरं घेतलं. मामीनं माझं धुतलेलं धोतर ओलं करून त्यात गुंडाळलं. धोतर परत पाठव, एकच चांगलं हाय. कंडक्टर विनोद आपल्या ओळखीचा हाय, गठ्ठा उन्हात ठेवणार न्हाई. मामी म्हणून राहिली की आजवर लोक मांडी घालून पानावर जेवले, आता आपली ऋतू मांडीवरच पान घालून राहिली! स्वतःच हसती अन् स्वतःच सगळ्या आळीला सांगती.

एक गोष्ट मात्र मला पटली न्हाई. सोबतच्या कागदात तू लिहिलंस की अर्ध्यांना पान अन् अर्ध्यांना जाळी. का बरं? पान मी चाळिसांना बी देतो. पंगतीत निम्म्यांना वाढायचं अन् निम्म्यांना कोरडं बसवायचं, ही कुठली रीत म्हणावी? तुझ्या सरांना इचार.

तब्येतीला जप, जेवत जा. माया हायच, ती काय लिहून दाखवायची.
तुझा मामा,
सटवाजी

लातूर, दि. २ ऑगस्ट २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पहिलं पान सोडवलं! दहाव्या दिवशी. शरणप्पा सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, स्वतः उभे होते. उमरीचे एक आजोबा होते. पान अलगद उचललं गेलं आणि आजोबा पुढच्या दुखण्याची वाट बघत डोळे मिटून पडलेलेच! झालं म्हणून सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना.

दुखणं मोजायला आम्ही शून्य ते दहा आकडे विचारायचो. आपली माणसं एकच उत्तर देतात, की लई. मग नाझनीन मॅडमनी युक्ती काढली. त्या संख्याशास्त्र बघतात, इथल्या जुन्या घराण्यातल्या आहेत, माणसं ओळखतात. रुपयात किती आणे दुखतंय असं विचारायला त्यांनी सांगितलं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळे पटापट बोलायला लागले. आजोबांचे दोन आणे. जाळीवाल्या एकाचे चौदा आणे.

आता तुमच्या पंगतीचं. पान बरं असं आपल्याला वाटतं, पण वाटणं म्हणजे कळणं नव्हे. मी माझ्या मर्जीनं पान वाटलं, तर धट्ट्याकट्ट्यांना पान आणि कुरकुऱ्यांना जाळी असं नकळत होईल आणि मग पान जिंकलं की माझी मर्जी, हे कोण सांगणार? म्हणून चाळीस बंद पाकिटं केली आहेत. कुठल्या नंबरात काय आहे ते फक्त मॅडमच्या कुलुपातल्या यादीत आहे. पेशंटचं पाकीट ऑपरेशन टेबलावरच फुटतं. पेशंटना हे सगळं सांगून, त्यांची सही घेऊनच त्यांना यात घेतो.

धोतर पाठवलं आहे, इस्त्रीसकट. असाच जीव लावत राहा.
आपली,
ऋतुजा

अर्धापूर, दि. २१ सप्टेंबर २०२४

चि. ऋतूस,
अनेक आशीर्वाद.

परवा गुरुवारी खुद्द मीच पानं घेऊन आलो, तर तू ऑपरेशनात गुंतलेली. भेट झाली न्हाई, पण दुपारभर तुझ्या वार्डात बसलो अन् एक मोठं काम करून आलो. ऐक, खूष होशील.

मुरुडची पंचशीला म्हणून बाई हाय. शाळेत खिचडी शिजवती, पातेलं सांडून हात भाजला. बाई जाळीच्या भीतीनं जेवंना. शेजारच्या खाटेवर वर्षाराणी, एकोणीस वर्षांची, गाडीवरून पडून पिंडरी सोललेली. दोघींच्या फाइलीत तुझी पाकिटं होती, पंचशीलाचं तेवीस, पोरीचं चोवीस. वार्डातल्या लोकांनी हिशेब काढलेला की अठरा, वीस, बावीस ह्या सगळ्यांना पान निघालं, म्हणजे जोड आकड्याला पान अन् सुट्याला जाळी!

मग मला आपल्या बायांची भिशी आठवली. नंबर एकीचा लागतो, पण दुसरीला अडचण असली तर पहिली आपला नंबर तिला देऊन टाकती. मी दोघींना हे सांगितलं. पोरगी लई गुणाची, लगेच कबूल झाली. पंचशीला नको नको म्हणून राहिली, मीच पाकिटं उचलून अदलाबदल केली. बाई पोटभर जेवली. पंगतीतला अन्याय मामानं मिटवला, आता सरांना सांगायला हरकत न्हाई.

आशीर्वाद हायेतच, शाबासकी तुझ्याकडून बाकी हाय.
तुझा मामा,
सटवाजी

लातूर, दि. २३ सप्टेंबर २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, हे काय करून बसलात! त्या पाकिटांवर माझा सगळा अभ्यास उभा आहे. कुणी पाकीट उघडून, आतलं बघून बदललं असेल तर सगळा अभ्यास कचऱ्यात जाईल. मला नव्यानं सुरुवात करावी लागेल, परीक्षा हुकेल, आणि पान चांगलं की वाईट हे कुणालाच कळणार नाही.

चूक माझीही आहे. सकाळची घाई वाचावी म्हणून मी पाकिटं आदल्या दिवशीच फाइलीत ठेवत होते. ती कुलुपात हवी होती. मी सकाळीच सरांकडं जाऊन सगळं सांगितलं, तुमचं पत्रही दाखवलं. सरांनी नवे पेशंट घेणं थांबवायला सांगितलं.

आणि ऐका. चोवीस नंबरात जाळी होती. तेविसात पान होतं. जोड-सुटं काही नसतं हो, नाणं उडवल्यावर तीनदा छापा पडावा तसं ते घडलं होतं. पंचशीलाबाईंना मिळायचं पान वर्षाराणीच्या मांडीवर आहे आणि बाईंच्या मांडीवर जाळी. कुठल्या पाकिटात काय होतं ते दोघींनाही मी अजून सांगितलेलं नाही.

मला एकच खरं लिहून कळवा. पाकिटं उघडली होती का? माझ्यासाठी म्हणून गोड काही लिहू नका. राग आहे, पण माया कमी झालेली नाही.
आपली,
ऋतुजा

अर्धापूर, दि. २५ सप्टेंबर २०२४

चि. ऋतुजास,
आशीर्वाद. द्यायला तोंड न्हाई, तरी देतो.

इमानानं लिहितो, मामीला समोर बसवून लिहितो. पाकीट फोडलं न्हाई. पण चोवीस नंबरचं मी खिडकीच्या उजेडाकडं धरलं होतं, हे बी कबूल. आत काळा कागद घातलेला, काडीमात्र दिसलं न्हाई. तेविसाला तर तेवढं बी केलं न्हाई. दुसऱ्या कुणी हात लावला न्हाई. ह्यानं तुझं नुकसान होत असलं तर होऊ दे, पण लपवणार न्हाई. लागलं तर सरांपुढं येऊन उभा राहतो.

पोरी, तुझ्या परीक्षेची फिकीर हायच, पण मला दुसरंच डाचून राहिलं. ती बाई नको म्हणत होती. तिच्या हातात पान आलेलं, ते मी शहाणपणा करून काढून घेतलं अन् तिच्या मांडीला जाळी बांधली. पत्र आल्यापासून बागेत जायला मन होईना. मामीनं आयुष्यात पहिल्यांदा मला टोमणा मारला न्हाई, यावरून समज.

जाळी सोडवली की तिला किती दुखलं ते मला कळव. कमी करून सांगू नको.
तुझा अपराधी मामा,
सटवाजी

लातूर, दि. २ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, जिंकलं! पान जिंकलं! चाळीसच्या चाळीस पूर्ण झाले, यादी फुटली, आकडे मांडले. सोडवताना जाळीवाल्यांचे सरासरी अकरा आणे, पानवाल्यांचे अडीच! नाझनीन मॅडमनी तीनदा तपासलं. जखम भरायचे दिवस मात्र जवळपास सारखेच निघाले, तेही तसंच लिहिलं आहे. तुम्ही तोंड वाकडं कराल, पण जे निघालं ते निघालं.

अभ्यास पुन्हा सुरू कसा झाला, तो तुमच्या पाकिटांचा निकालही ऐका. टेबलावर आम्ही पाकीट कडेनं कापतो, तोंड तसंच चिकटलेलं राहतं; मॅडमनी दोन्ही पाकिटांच्या तोंडावरच्या सह्या भिंगातून पाहिल्या, शाबूत होत्या. त्यांचं म्हणणं असं की आत काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं बदलाबदली करूनही नशीब ते नशीबच राहिलं. फक्त झालेली गोष्ट प्रबंधात स्पष्ट लिहायची, आणि त्या दोघींना धरून एकदा व वगळून एकदा असा हिशेब दाखवायचा. दोन्हीकडं पानच पुढं! पाकिटं आता सिस्टरांच्या कुलुपात असतात. सर हसून म्हणाले की असा मामा प्रत्येक अभ्यासाला एक असावा, म्हणजे कच्ची जागा कळते.

पंचशीलाबाईंचं तुम्हाला तेव्हा कळवलंच होतं, फक्त चार आणे. नशीबवान बाई! आता त्यांच्या कोपरावर पुन्हा कातडी लावायचं ऑपरेशन आहे. अभ्यास संपला, म्हणून आता वॉर्डात सगळ्यांनाच पान. पंधरवड्यानं प्रबंध द्यायचा आहे. बाईंच्या ऑपरेशनासाठी पानं घेऊन याच.

आनंदात तुमचा वाटा मोठा आहे, लोभ तेवढाच मोठा असू द्या.
आपली,
ऋतुजा

अर्धापूर, दि. १९ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू परीक्षेच्या कामात होतीस, म्हणून भेटलो न्हाई. पण पंचशीलाबाईचं पान सोडवलं तेव्हा मी बाहेरच उभा होतो. सिस्टरांनी आत बोलावलं. बाई हसून राहिली होती. मी हात जोडले अन् सांगून टाकलं की मागच्या खेपेला पान तुझ्याच पाकिटात होतं, मी ते हिरावलं.

तिला ठाऊक होतं, ऋतू. वर्षाराणीच्या मांडीवर पान दिसलं त्याच दिवशी तिनं वळखलं. माझ्या कानाशी तोंड आणून तिनं मोठ्यानं सांगितलं, सगळ्या वार्डानं ऐकलं. जाळी सोडवली तेव्हा जीव जायची पाळी आलेली. तू आणे विचारलेस, अन् शेजारच्या खाटेवर ती पोरगी तोंडात पदर धरून रडून राहिली होती की माझ्या नंबरानं मावशीचं वाटोळं झालं. म्हणून बाईनं दात आवळून चार आणे सांगितले. खरे सोळा होते. पुरे सोळा.

तर तुझ्या वहीतला तो आकडा खोटा हाय. मी गप बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं, तुझं पान तसंबी जिंकलंय. पण मागं एकदा मी परस्पर न्याय करून बसलो. आता फक्त कळवतो, काय करायचं ते तू अन् मॅडम ठरवा.

सरांना नमस्कार सांग. आठवण ठेव.
तुझा मामा,
सटवाजी

लातूर, दि. २२ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी आणि नाझनीन मॅडम दोघीही रडलो. मला चार आणे ऐकून किती आनंद झाला होता! मी बाईंच्या तोंडाकडं बघितलंच नाही, वहीकडं बघत होते.

प्रबंधात चारच राहतील. त्या दिवशी पेशंटनं जे सांगितलं ते आपल्याला बदलता येत नाही, मग ते आपल्या बाजूचं असो की उलट. खाली तळटीप दिली आहे की एका रुग्णेनं आपलं दुखणं कमी करून सांगितल्याचं नंतर कळलं. काल प्रबंध दिला.

आणि मामा, कालपासून वॉर्डात एक नवा नियम झाला. पट्टी सोडवताना आम्ही खाटेभोवती पडदा ओढतो, शेजारच्यांना बाहेर पाठवतो, आणि मगच आणे विचारतो. आज सकाळी बिलोलीची एक बाई भाजलेल्या हाताची पट्टी सोडवताना पडद्याआड मोकळेपणानं ओरडली. मी वही बाजूला ठेवली, तिचा हात धरला, आणि तिचं ओरडून झाल्यावर आकडा लिहिला.

मामींना नमस्कार. दोघांचाही हात डोक्यावर असू द्या.
आपली,
ऋतुजा